जस्ताच्या काट्यास खरमरीत पत्र

जस्ताच्या काट्या,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची रीत आहे. तो तुला घालणार नाही. तुझ्यापायी एक गुणी बॅटरी वाया जाते, याचा मला मनापासून राग आहे.

1800 साली व्होल्टाने पहिली बॅटरी रचली, ती जस्ताच्या चकत्या लावूनच. जस्त स्वस्त, पाण्यातल्या द्रावणात काम करणारं, लिथियमसारखी आगीची धास्ती नाही. दिवसाचं ऊन रात्रीसाठी साठवायला आणखी काय हवं? पण पुन्हा चार्ज करायला घेतलं की तू डोकं वर काढतोस.

वीज वापरताना विरघळलेलं जस्त चार्जिंगच्या वेळी पत्र्यावर सारखं बसायला हवं. कुठे जरासा उंचवटा असला की विजेचा ओढा तिथे जास्त, आणि येणारं जस्त तो उंचवटाच आधी गिळतो. घाईने चार्ज केलं तर पत्र्याजवळच्या द्रावणातलं जस्त आटतं. मग तर तुझं फावतंच. फांदीला फांदी फुटत तू मधला पडदा फाडतोस, पलीकडच्या इलेक्ट्रोडला टेकतोस, की शॉर्ट सर्किट! नाहीतर वीज काढताना तुझा बुडखाच आधी विरघळतो आणि वरचं जस्त सुटं पडतं. वजनात आहे, कामाचं नाही. खाऊन माजावं, टाकून माजू नये म्हणतात; तू टाकूनच माजलास.

इतकी वर्षं सुटलास, कारण मेलेला सेल फोडून, धुऊन, वाळवून पाहावं तर फांद्या मोडलेल्या आणि हवा लागून जस्ताचा पृष्ठभाग पालटलेला. आता सेल फोडावाच लागत नाही. छोटासा सेल चालू ठेवून क्ष-किरणांसमोर फिरवतात, शेकडो प्रतिमा घेतात आणि संगणक त्यांतून आतला त्रिमितीय आकार उभा करतो. इथे तुझा जडपणाच तुला नडला. जस्ताचा अणुक्रमांक 30, पाण्यातल्या ऑक्सिजनचा 8. द्रावणातून सहज निघून जाणारे किरण तुझ्यात अडतात. अणुक्रमांक 3 असलेला लिथियमचा काटा अंधूक राहतो. तुझी मात्र फांदी अन् फांदी दिसते. शेजारी हायड्रोजनचे बुडबुडे कुठे अडकलेत, तेही दिसतं. सिंक्रोट्रॉन नावाच्या यंत्राचे प्रखर किरण असले तर तुझी वाढ घडतानाच टिपता येते.

त्या किरणांच्या माऱ्याने द्रावणच बिघडणार नाही, हे संशोधकांना पाहावं लागतं. तुझ्यावर खोटा आळ मलाही नको. तुझा पहिला अंकुर मायक्रॉनहून बारीक असतो आणि साध्या यंत्रात तो निसटतो, हेही मान्य. पण चार्जिंगचा वेग किती ठेवला की तू उगवतोस आणि किती ठेवला की गप्प बसतोस, हे आता तुझ्याच चित्रांवरून ताडता येतं.