दरेकसाचा फेरफार

वेब अॅप्लिकेशनला पहिला वापरकर्ता लाभण्यापूर्वीच राज्ये, जिल्हे, तालुके, रेल्वे स्थानके अशी पायाभूत माहिती डेटाबेसमध्ये भरणारी जी आज्ञावली असते, तिला ‘सीड स्क्रिप्ट’ म्हणतात. आणि ती एकदा चालवली की विषय संपतो, हा तिच्याविषयीचा सर्वांत टिकाऊ गैरसमज होय.

या गैरसमजाच्या अभ्यासास सालेकसा तालुक्यातील दरेकसा फार सोयीचे आहे. जागचे तसूभरही न हलता हे गाव १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून नव्या गोंदिया जिल्ह्यात आले, १ नोव्हेंबर २००० रोजी पलीकडचे डोंगरगड छत्तीसगडात गेल्याने त्याला शेजारचे राज्यही नवे मिळाले, आणि २००३ मध्ये त्याचे स्थानक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे गेले. माघ पौर्णिमेला जवळच्या कचारगडच्या यात्रेस येणाऱ्यांचे यामुळे काही अडले नाही. अडते ते प्रोग्रॅमरचे.

त्याचा हात प्रथम मूळ फाइलकडेच जातो व तो ‘भंडारा’ खोडून ‘गोंदिया’ लिहितो. परिणामी नव्याने उभारलेल्या डेटाबेसमध्ये दरेकसा गोंदियात, तर जुन्यात भंडाऱ्यातच राहते, आणि तीच फाइल जुन्यावर पुन्हा चालवल्यास दोन दरेकसा निर्माण होतात, ज्यांपैकी गाडी एकाच ठिकाणी थांबते.

यावरचा तोडगा तलाठ्याच्या दप्तरात पूर्वीपासून आहे. जमिनीवरील हक्काचा प्रत्येक बदल गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नव्या क्रमांकाने चढतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, आणि मगच सातबाऱ्यावरील जुन्या नावाला कंस पडतो. फ्लायवे हे साधन हेच करते: क्रमांकित फाइल एकदाच चालवते, तिचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या, इतिहासाच्या तक्त्यात नोंदवते, आणि चाललेल्या फाइलमध्ये मागाहून कोणी हात घातल्यास पडताळणीत अडून बसते. त्यामुळे गोंदियासाठी नवी फाइल लिहावी लागते. नोंदीची ओळखही नावावरून नव्हे, तर न बदलणाऱ्या संकेतांकावरून ठरवावी लागते, कारण २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हा नावावर विसंबलेल्या स्क्रिप्टला तो एक जादा जिल्हाच वाटणार. चाचणीसाठी रचलेले ‘अबक पाटील’ वेगळ्या फाइलीत ठेवणे हेही याच शिस्तीत येते, अन्यथा खऱ्या ग्राहकांच्या यादीत ते सर्वांत जुने ग्राहक म्हणून मिरवतात.

एवढे साधले की दोन्ही दप्तरांत फरक एकच उरतो: तलाठी हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत देतो, प्रोग्रॅमर शुक्रवारची संध्याकाळ.