शिलाई मशीनचं दुकान टाकताय?

आधी जागा बघा. आमच्या शहरात गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, कुठंही चालेल, पण शेजारी मशीनवाला हवाच. गिऱ्हाईक चार ठिकाणी भाव विचारल्याशिवाय पाकीट काढत नाही, आणि चौथं ठिकाण आपलं असावं.

'या ताई' आणि 'आओ आपा', दोन्ही जिभेवर असू द्या. सोबत कुणीतरी टेलर मामा असतोच. चहा त्याला आधी.

शेजाऱ्याला नावं ठेवायची नाहीत. 'त्यांचंही चांगलंय' म्हणायचं आणि हलकेच विचारायचं, 'पण शटल बघितलं का?' शटल कुणीच बघितलेलं नसतं.

डेमोला जीन्सची चार पदरी घडी घ्या, आणि मशीन चांगलं रुळलेलं, तेल पाजलेलं. शेजाऱ्याकडचं मशीन दुरुस्तीला आलं, की कापड उलटं करून खालच्या गुंतवळी दाखवा आणि नुसती मान हलवा. वरचा टेन्शनचा नट जरा आवळला की त्या जातात, हे बोलायचं नाही.

एक्स्चेंज ऑफर लावाच. शक्कल जुनी आहे. १८५०च्या दशकात अमेरिकेत सिंगर कंपनी जुन्या मशीनचे, मग ते कुणाचंही असो, ५० डॉलर वळते करून द्यायची आणि आलेलं मशीन फोडून टाकायची. पुन्हा बाजारात यायला नको! आपण इतकं करत नाही. काळं पायमशीन रंग मारून खेड्यावर जातं.

कोर्टकचेरी मात्र टाळा. तिकडे अमेरिकेत पेटंटवरून इतके दावे झाले की शेवटी १८५६मध्ये एलियास हाव, सिंगर, व्हीलर अँड विल्सन आणि ग्रोव्हर अँड बेकर यांनी आपापली पेटंटं एका गाठोड्यात बांधली आणि बाकीच्या कारखानदारांकडून मशीनमागे पैसे घ्यायला लागले. दुकानं वेगळी, चढाओढ तशीच, गाठोडं एक.

आपल्याकडे ते गाठोडं मागच्या बोळात असतं. मागितलेलं मॉडेल नसेल तर 'नाही' म्हणू नका. 'बसा ताई, गोडाऊनमधून मागवतो.' पोऱ्या बोळातून शेजाऱ्याकडे जातो, शेजारी वहीत आकडा टाकतो, दहा मिनिटांत मशीन हजर. फक्त पाटाखालचं त्यांच्या दुकानाचं स्टिकर वाटेत काढायला सांगा. आमचा पोऱ्या एकदा विसरला. ताईंनी पाट उलटा करून नाव वाचलं, मामांकडे बघितलं, आणि मामा रिकाम्या कपात बघत बसले.