फिरून राहिलं बाप्पा!

तिरोडा तालुक्यातल्या चोरखमाऱ्याची ओळख दोन गोष्टींमुळे: तलाव आणि नागझिरा अभयारण्यात शिरायचं गेट. तिसरी गोष्ट गावानं मागितली नव्हती, सरकारनं ती आपणहून दिली. 18 सप्टेंबर 2025 ला लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीचा शासन निर्णय निघाला. महिन्याचे 1,500 रुपये टिकवायचे म्हणून राज्यभरातल्या बायका एकाच संकेतस्थळाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर एक गोल चक्र उगवलं.

"काय झालं जी?"

"फिरून राहिलं बाप्पा!"

अशा वेळी ऑनलाइन सेंटरवरच्या भाऊच्या अंगात मांत्रिक संचारतो. आधी क्रोम. ते हटून बसलं की कॅशे साफ, मग कुकीज साफ, मग इन्कॉग्निटो. तरी फिरतंच, म्हणून एज. आता 2020 च्या जानेवारीपासून एजच्या पोटात क्रोमचंच क्रोमियम आहे, म्हणजे विहीर तीच, बादली तेवढी दुसरी. पण बादली बदलली की रांगेतल्या बायकांना काहीतरी चाललंय असं वाटतं. त्यातली एखादी म्हणतेच, "ते यूसी लावून पाहा ना भाऊ." साध्या फोनवर पानं पिळून हलकी करून देणारा तो ब्राउझर जून 2020 मध्येच सरकारनं बंद केला, हे तिला कोण सांगणार? आणि ज्या इंटरनेट एक्सप्लोररच्या नावानं सरकारी पानांवर पूर्वी 'उत्तम दर्शनासाठी' अशी पाटी लागायची, तो 15 जून 2022 ला निवृत्त झाला.

खरं तर इलाज शोधायला फार लांब जायला नको, गेटवरच्या गाइडला विचारावं. जंगलात एकटं चितळ ओरडलं तर तो गाडी थांबवतो, पण पैज लावत नाही. चितळ काय, वाळल्या पानालाही बुजतं. पाठोपाठ झाडावरून वानरही खेकसलं, की तो पर्यटकांना गप्प बसायची खूण करतो.

ब्राउझरचंही तसंच. पान एकट्या क्रोमवर रखडत असेल आणि फायरफॉक्सवर झटकन उघडत असेल, तर दुखणं घरचं: जुनी आवृत्ती, सडलेली कॅशे, नाहीतर कधीतरी चिकटलेलं एखादं एक्स्टेंशन. इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेंशनं सहसा झोपलेली असतात. तिथे पान धावलं तर चोर सापडला. सगळेच ब्राउझर एका सुरात ओरडू लागले तर मात्र दुसरी साइट उघडून बघावी. तीही रांगत असेल तर टॉवर दोषी. ती पळत असेल तर वाघ सर्व्हरमध्ये बसलाय.

खात्रीच करायची तर संगणकावर एफ-12 दाबून 'नेटवर्क' उघडावं. कोणत्या फायलीला किती वेळ लागला त्याच्या पट्ट्या दिसतात. क्रोममध्ये एखादी हिरवी पट्टी लांबच लांब गेली असेल, तर त्याचा अर्थ एवढाच, की अर्ज साहेबांच्या टेबलावर पोचलाय आणि साहेब जागेवर नाहीत. इकडे भाऊनं कितीही कॅशे घासली तरी तिकडची खुर्ची भरत नाही.

हा अनुभव पोराबाळांना आधीच येऊन गेला होता. 2025 मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले. 21 मे ला नोंदणी उघडली, पहिल्याच दिवशी संकेतस्थळ आडवं झालं आणि गाडी 26 मे ला पुन्हा रुळावर आली. दहावीचा निकाल मुलांना मिळाला होता, सर्व्हरचा राखून ठेवला होता.

ई-केवायसीत आणखी एक गंमत होती. आधारचा ओटीपी जगतो जेमतेम 10 मिनिटं. त्यात बाईचा ओटीपी वेगळा, नवऱ्याचा किंवा बापाचा वेगळा. पान उघडेपर्यंत आकडे मरायचे, नाहीतर पान उघडायचं आणि आकडेच यायचे नाहीत. ओटीपीच्या तांत्रिक अडचणी खुद्द मंत्र्यांनीही मान्य केल्या. नवरा तिकडे धानाच्या बांधीत, त्याचा फोन चार्जिंगला घरी.

मग ठरलेला सल्ला यायचा: "रात्री बारानंतर करा, सर्व्हर मोकळा असते." बरोबर आहे. फक्त नागझिऱ्याच्या कुशीतल्या गावात त्याच वेळी रस्ताही अस्वलांसाठी मोकळा असतो.

शेवटी 18 नोव्हेंबरची मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. तोवर धान कापून, चुरून घरात आलं होतं. भाऊनं कॅशे पुन्हा एकदा साफ केली.