चौदा दांडक्यांचा संसार

गोल्फच्या नियमांनुसार पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. नवशिका मात्र ही कमाल मर्यादा किमान अट समजून दुकानात शिरतो. मुळात हा नियम आला तोच हौसेला वेसण घालायला. १९३०च्या दशकात काही खेळाडू पंचवीसहून अधिक क्लब बाळगू लागले होते (हौस खेळाडूची, पाठ कॅडीची), तेव्हा अमेरिकेत १९३८ साली १४चा आकडा ठरला. त्याआधी, १९१६ साली, चिक इव्हान्स या हौशी खेळाडूने अवघ्या ७ क्लबांनिशी यूएस ओपन जिंकली होती. लागोपाठच्या क्रमांकांच्या दोन आयर्नच्या (लोखंडी क्लबांच्या) पल्ल्यात साधारण १० यार्डांचा फरक असतो. ज्याचा एकाच क्लबने मारलेला चेंडू कधी शंभर यार्ड, तर कधी शेजारच्या झुडपात जातो, त्याने हा फरक विकत कशाला घ्यावा?

विक्रेता म्हणेल, अर्धा संच घेतलात तर पुढे पुन्हा खर्च. पण तो तसाही टळत नाही. मापे घेऊन बनवलेला महागडा संच आजच्या स्विंगला बेतलेला असतो आणि प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात तो स्विंग मोडीत काढतो. चांगल्या क्लबने खेळ सुधारतो म्हणावे, तर सुधारतोही. पण रुंद तळाच्या, चुका पोटात घालणाऱ्या क्लबने, व्यावसायिकांच्या पातळ पात्यांनी नव्हे. तेव्हा एक हायब्रिड, दोन-तीन आयर्न, सँड वेज आणि पटर एवढेच घ्या, तेही वापरलेले. उरलेले पैसे शिकवणीला लावा.