प्लॉट बापाचा, बाल्कनी लेकाची

लातूर-नांदेडकडं बापाच्या पिढीला घर म्हणजे आधी प्लॉट. एनए आहे का, सातबारा कोरा आहे का, बोअरला किती फुटांवर पाणी लागतं, एवढं विचारलं की व्यवहार पक्का. 1993च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तर लातुरात चौथ्या मजल्यावर राहणारा जिवावर उदार झालेला वाटायचा. आता लेक हिंजवडीत. त्याला प्लॉट नको, वीस वर्षांचा हप्ताही नको. बाल्कनीतली कॉफी पाहिजे. बिल्डरनं हे बरोबर हेरलं. जाहिरातीत 'पूर्वाभिमुख'च्या जागी 'वर्क फ्रॉम होम कॉर्नर' आला (म्हणजे पूर्वी शिलाई मशीन ठेवायचे, तो कोपरा). ब्रोशरवर निळाशार स्विमिंग पूल. 2016 साली मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं पाणी आणलेल्या लातुरात! नांदेडला गोदावरी, म्हणून तिथं 'रिव्हर व्ह्यू'. सखल भागात पूर आला की व्ह्यू थेट हॉलमध्ये येतो, जादा चार्ज न लावता.

साइटवर लेक नेटचा स्पीड बघतो, आई ईशान्य कोपरा, बाप महारेराचा नंबर. टोकन अर्थातच बाप देतो.

"नाव कुणाचं टाकू?" सेल्समन विचारतो.

"पप्पांचंच टाका," लेक मोबाइलमधनं मान वर न काढता म्हणतो, "मी पुढच्या महिन्यात बंगळुरूला चाललोय."