पहिली आवृत्ती आणि मागे राहिलेली वेलांटी
छांदिष्ट कार्यप्रणाली, म्हणजे नफ्यासाठी नव्हे तर फावल्या वेळात हौसेने घडवलेली संगणकाची मूळ व्यवस्था, हिच्या जगात कालगणना निराळी असते. बुडालेल्या ‘बीओएस’ या कार्यप्रणालीच्या पुनर्निर्मितीसाठी २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘हायकू’ची पाचवी बीटा, म्हणजे चाचणीची, आवृत्ती २०२४ मध्ये आली, तेव्हाही पहिली पक्की आवृत्ती यायचीच होती. तोवर दुरुस्तीवाले खिडकीची कड एका ठिपक्याने सरकवावी की नाही यावर खल करतात (सरकारी कामाहून हे बरे, येथे निदान कड सरकते). पण अशाच प्रणालीवर मेहकर तालुक्यातील डोणगावच्या एखाद्या दुकानदाराने पत्त्यात ‘जिल्हा’ टंकले, तर वेलांटी साठवायची ‘ज’नंतर आणि दाखवायची ‘ज’आधी, शिवाय ‘ल’ला ‘ह’शी जोडायचे, हे काम अक्षरजुळणीची यंत्रणा करते, ती ज्या अ‍ॅपमध्ये नाही तेथे वेलांटी मागे राहते आणि जोडाक्षर पाय मोडून बसते. हा दोष रेंगाळतो तो द्वेषामुळे नव्हे, तर हौशी माणूस स्वतःला बोचलेला काटाच आधी काढतो म्हणून. ज्याला ही वेलांटी बोचते, तो बहुधा विंडोज वापरत असतो, आणि तीही नेहमी विकत घेतलेली असतेच असे नाही.