पर्सला खोळ शिवण्याची शास्त्रोक्त पद्धत

मिक्सरला झालरीचे कव्हर, फ्रिजच्या डोक्यावर खिसेवाले कापड, रिमोटला प्लॅस्टिक आणि प्रवासात सुटकेसला खाकी खोळ घालणाऱ्या घराण्यात पर्स कपाटात उघडी पडून राहावी, हे कुळाला शोभत नाही. तेव्हा पुढील विधी मन लावून करावा.

प्रथम पर्सची पात्रता तपासावी. रोज लोकलमध्ये चेंगरणारी, डबा आणि छत्री वाहणारी पर्स खोळीस अपात्र समजावी. तिने काम करावे. खोळ मिळते ती काहीच न करणारीला. मुलाने परदेशातून आणलेली, किंमत चारचौघींत दोनदा सांगून झालेली, ‘एखाद्या चांगल्या प्रसंगी काढू’ म्हणून ठेवलेली पर्स निवडावी. तो प्रसंग अजून आला नसेल तर फारच उत्तम.

मग पर्स उलटी करून झटकावी. कोणाच्या तरी वास्तुशांतीची कुंकवाची पुडी, एका कानातला डूल, विरघळलेली लिमलेटची गोळी, पुसट झालेले बिल असा ऐवज पडेल. कुंकू सांडले तर अस्तराचा डाग जन्मात जात नाही आणि संक्रांतीचा तिळगूळ आत राहिला तर मुंग्या खोळीची नाडी सोडायची वाट पाहत नाहीत. रिकाम्या पर्सचे पोट बसू नये म्हणून आत कोरा पांढरा कागद चुरगाळून भरावा. वर्तमानपत्र नको. शाई उतरते आणि अग्रलेख अस्तरावर उमटतो.

कापड मांजरपाटाचे घ्यावे. पण आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून. तो आटतो, आणि पर्ससकट आटला तर नंतर काढता येत नाही. साडीच्या दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी फुकट मिळते म्हणून मोह होईल, तो आवरावा. मुंबईच्या किंवा कोकणातल्या पावसाळ्यात तीत ओल कोंडते आणि गणपती येईपर्यंत चामड्यावर बुरशीची हिरवी नक्षी उठते.

आता माप. पर्स 12 इंच रुंद, 9 इंच उंच, 5 इंच जाड आहे असे धरू. रुंदी अधिक जाडी 17, त्यात शिलाई आणि ऐसपैसपणाचे 2 मिळवून 19. उंचीत तळाची आणि तोंडाची निम्मी निम्मी जाडी व नेफा धरून 16. तळाशी जोड नको म्हणून 19 बाय 32 चा एकच तुकडा कापून दुमडावा. 36 इंची पन्ह्यात हे अर्ध्या मीटरमध्ये जेमतेम बसते. आटण्याचा हिशेब धरून पाऊण मीटर आणावे. ‘कशाला हवंय?’ असे दुकानदाराने विचारल्यास ‘घरगुती’ एवढेच उत्तर द्यावे.

जाणकार बायका हे गणित करतच नाहीत. त्या जुना सुती परकर काढतात. नेफा तयार, नाडी तयार, घेरही साधारण तेवढाच. हवा तेवढा वरचा भाग कापून खाली शिलाई मारली की झाले. फक्त ओला पांढरा रुमाल परकरावर घासून पाहावा. रुमालाला रंग लागला तर परकर बाद, नाहीतर फिकट पर्स लवकरच मॅचिंग होईल. शिवाय कपाट उघडताना जाऊबाई मागे उभ्या नाहीत याची खात्री करावी.

नवे कापड असेल तर बाजूंना फ्रेंच शिलाई घालावी. आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर एक टीप, मग कडा छाटून, उलटे करून दुसरी. दशा आत बंद होतात आणि पर्सच्या चेनमध्ये अडकत नाहीत. नाडीसाठी वरच्या टोकाला दीड इंच शिलाई सोडायला विसरू नये. नाडी सेफ्टी पिनने ओवावी. पिन नेफ्याच्या बरोबर मध्यावर उघडेल. ती तिथेच उघडते.

सगळ्या पर्सना खोळी झाल्या की कोणत्या खोळीत कोणती पर्स, हा प्रश्न लग्नाला निघताना, रिक्षा दारात उभी असताना पडतो. म्हणून प्रत्येक खोळीवर साखळी टाक्याने नाव भरावे. तेवढी हौस नसेल तर नाड्यांचे रंग वेगळे ठेवावेत आणि त्यांची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. यादीला प्लॅस्टिकचे कव्हर चालेल.

एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. चामड्यासारख्या दिसणाऱ्या बऱ्याच पर्सवर पॉलियुरेथेनचा थर असतो आणि दमट हवेत तो आपोआप फुटत जातो. वापरा किंवा जपा, काही वर्षांत सालपटे निघतात. अशा वेळी खोळीचा फायदा एवढाच की ती सालपटे कपाटभर न पसरता एका जागी गोळा होतात. अस्सल चामड्याची पर्स मात्र पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून सावलीत वाऱ्याला ठेवा, टिकेल. आणि तुमची पर्स पॉलियुरेथेनची असेल तर येत्या रविवारच्या मुंजीला ती घेऊन जा. खोळीत तोवर इस्त्रीची साडी ठेवा.